पाच मिलिमीटरची फीत

बाळ अवेळी जाऊ नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घातलेला टाका काढायचं काम पाच मिनिटांचं. सदतिसावा आठवडा लागलेला असतो, बाई टेबलावर पाय वर घेऊन असते. आतलं दिसावं म्हणून स्पेक्युलम हे साधन आत जातं, दिवा दोनदा इकडचा तिकडे होतो, लांब चिमट्यात गाठ धरली जाते आणि हलकेच खाली ओढली जाते. गाठीच्या वर फितीचे दोन पदर दिसतात. त्यातला एकच कापायचा. दोन्ही कापले तर हातात नुसती गाठ येते, फीत मांसात राहून जाते आणि मग ती शोधताना घाम फुटतो. एक पदर कापला, गाठ ओढली, की फीत सरसर बाहेर येते आणि किडनी ट्रेमध्ये पडते. पांढरी गेलेली आत, पिवळट तपकिरी होऊन येते, थोडी बुळबुळीत, एखाद्या जुन्या नाडीच्या तुकड्यासारखी. अशीच एक फीत ट्रेमध्ये पडली आणि टेबलावरची बाई म्हणाली, “बघू.” ट्रे तिच्याजवळ नेला. तिने कोपरावर उठून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्याच्यामुळेच राहिलं ना?” खोलीतल्या तिघांनीही एका सुरात ‘हो’ म्हटलं. प्रश्न पुरता संपायच्या आत आलेला तो ‘हो’ नंतर खटकत राहिला.

तिच्यापुरतं ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पाचव्या महिन्यात जाणारं बाळ फार गाजावाजा न करता जातं. पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात बहुतेक वेळा रक्त आणि कळा घेऊन येतो, पण हा तसा नसतो. ओटीपोटात जडपणा, कमरेत मंद दुखणं, अंगावरून नेहमीपेक्षा जरा जास्त पाणीदार स्राव, कधी त्यात गुलाबी छटा, आणि खाली काहीतरी दाटून आल्यासारखं वाटणं. ह्यातलं प्रत्येक लक्षण गरोदरपणात असतंच, म्हणून बाई स्वतःची समजूत घालते, घरचेही घालतात, आणि फोनवर विचारलं तर दवाखानाही घालतो. मग दोन दिवसांनी तपासायला जावं तर गर्भपिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं आणि पाण्याची पिशवी योनीत उतरलेली. बाळाचे ठोके अगदी व्यवस्थित. सगळ्यात अवघड गोष्ट हीच असते: सोनोग्राफीच्या पडद्यावर ते हात हलवत असतं, त्याच्यात काहीही दोष नसतो आणि तरी ते राहणार नसतं.

ह्या प्रकाराला इंग्रजी वैद्यकाने दिलेलं जुनं नाव ‘इन्कॉम्पिटंट सर्व्हिक्स’. म्हणजे नालायक, कामाला न पुरणारं तोंड. आता कागदोपत्री ‘इन्सफिशियन्सी’, म्हणजे अपुरेपणा, असं लिहितात, पण जुन्या डॉक्टरांच्या तोंडून ‘इन्कॉम्पिटंट ऑस’ (ऑस म्हणजे तोंडच) अजून सुटतं. आपल्याकडचं ‘तोंड सैल आहे’ त्या मानाने बरं वाटतं, पण त्यातही एक सल आहेच. सैल म्हटलं की बाईने काहीतरी सैल सोडलं असा वास येतो. जिना चढली, बादली उचलली, गाडीवर बसली. ह्यातल्या एकाही गोष्टीने तोंड उघडत नाही हे कितीही सांगितलं तरी ती यादी तिच्या डोक्यात चालूच राहते.

मुळात ते तोंड ही चीजच विचित्र आहे. गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी, पण तिचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स स्नायूंचं नाही. त्यात स्नायू जेमतेम दहा-पंधरा टक्के, बाकी बहुतेक कोलॅजेनचे दोर, म्हणजे आपल्या कंडरांत असतात तसे तंतू. त्यामुळे ते आवळून बंद धरलेलं नसतं, वीण घट्ट म्हणून बंद असतं. नऊ महिने नाकाच्या शेंड्यासारखं टणक राहायचं आणि शेवटी काही दिवसांत ओठासारखं मऊ होऊन दहा सेंटिमीटर उघडायचं, असली दोन टोकांची कामं शरीरात दुसऱ्या कुठल्या भागाला करावी लागत असतील असं वाटत नाही. वीण आधीच विरली की वरचं वजन आणि दाब तिला पुरून उरतात. विरण्याची कारणं काही वेळा सापडतात. कॅन्सरपूर्व बदलांसाठी तोंडाचा शंकूसारखा तुकडा किंवा विजेच्या तारेच्या लूपने चकती काढलेली असते. आधीच्या बाळंतपणात तोंड फाटलेलं असतं. पूर्ण उघडल्यावर, बाळाचं डोकं खाली रुतल्यावर केलेल्या सिझेरियनचा छेद नको तितका खाली गेलेला असतो. क्युरेटिंगच्या वेळी तोंड जबरदस्तीने मोठं केलेलं असतं. काहींची पिशवीच जन्मतः वेगळ्या घडणीची असते, काहींचं अंगभर कोलॅजेनच ढिलं असतं. आणि पुष्कळ जणींत ह्यातलं काहीच नसतं. कारण सापडलं नाही की दोष द्यायला कुणी उरत नाही. त्याने हायसं वाटावं, पण बहुतेक जणींना ते आणखी जड जातं.

हे तोंड म्हणजे एक आखूड नळी, तिला आतलं आणि बाहेरचं अशी दोन तोंडं, आणि उघडणं सुरू होतं आतून. हे लक्षात न घेतल्याने पूर्वी बरंच हातचं गेलं असणार. आतलं तोंड आधी विस्फारतं, पाण्याची पिशवी त्यात पाचरीसारखी उतरते, नळीचं नरसाळं होतं आणि बाहेरचं तोंड मात्र बोटाला बंदच लागतं. सोनोग्राफी करणारे ह्या आकारांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात: बंद असताना टी, मग वाय, मग व्ही, शेवटी यू. यू दिसला की मोजायला फारसं काही उरलेलं नसतं.

म्हणून ह्या नळीच्या लांबीची मोजणी खालून केलेल्या सोनोग्राफीने करायची, पोटावरून नाही. आणि ती दिसते तितकी सोपी नाही. लघवीची पिशवी रिकामी हवी, कारण भरलेली पिशवी पुढून दाबते आणि तोंड खोटंच लांब दिसतं. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, अलगद टेकवायचा. जोर दिला तर पुढची भिंत मागच्या भिंतीला चिकटते, नरसाळं मिटतं आणि पुन्हा खोटी लांबी. पुढची आणि मागची भिंत सारख्या जाडीची दिसली की समजायचं, दाब बेताचा आहे. आतलं तोंड, बाहेरचं तोंड आणि मधली सगळी नळी एका चौकटीत आली पाहिजे. मग तीन ते पाच मिनिटं थांबायचं. ह्या थांबण्याला गर्दीच्या दिवशी कुणी तयार नसतं, पण बंद दिसणारं तोंड कधी कधी तेवढ्यात डोळ्यांदेखत उघडतं. तीन मापं घ्यायची आणि सरासरी न काढता सगळ्यात लहान ते लिहायचं. पाचव्या महिन्याच्या आसपास साधारण ३५ ते ४० मिलिमीटर भरतं. पंचविसाच्या खाली गेलं की आखूड. चौदा आठवड्यांच्या आधी मापू नये, कारण तेव्हा गर्भाशयाचा खालचा भाग आणि तोंड ह्यांतली सीमाच नीट कळत नाही आणि प्रत्येकीचं तोंड छान लांब दिसतं. ज्यांचं आधी लवकर गेलेलं आहे त्यांना सोळा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दर दोन आठवड्यांनी बोलवायचं, आणि माप पंचवीस ते एकोणतीसच्या मध्ये आलं तर दर आठवड्याला. ह्या बायकांना मिलिमीटर पाठ असतात. ‘मागच्या वेळी एकतीस होतं, आज अठ्ठावीस,’ असं त्या शेअरबाजाच्या सुरात सांगतात. तीन मिलिमीटरचा फरक प्रोब थोडा तिरका झाल्यानेही पडतो, हे त्यांना सांगावं की न सांगावं हा रोजचा पेच आहे.

टाका घालायचं सुचलं कुणाला, ह्याची गोष्ट मुंबईपर्यंत येते. पिशवीचं तोंड ढिलं असल्याने गर्भ ठरत नाही ही समजूत १६५८ सालच्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथातही सापडते, म्हणजे दुखणं ओळखून तीनशे वर्षं झाली तरी उपाय नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली आपली शस्त्रक्रिया मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ ह्या मासिकात छापली. त्यांनी वापरलेला धागा बाजारचा नव्हता. बाईच्याच मांडीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंवर जे चिवट आवरण असतं, फॅशिया लाटा, त्याची अरुंद पट्टी काढून ती तोंडाभोवती आतून फिरवायची. म्हणजे जिथली वीण विरली तिथे त्याच अंगातला दुसरा दोर. कल्पना म्हणून आजही डोळ्यांत भरते, जरी मांडीवर वेगळी जखम करण्याचं कारण नंतर पॉलिएस्टरच्या फितीने संपवलं. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅक्डोनल्डनी फार सोपी रीत मांडली. काही कापायचं नाही, काही सोडवायचं नाही, बटव्याला नाडी ओवतात तसा बाहेरूनच गोल टाका घ्यायचा आणि आवळायचा. सोपं होतं म्हणून तेच जगभर जास्त पसरलं. पण थिएटरच्या यादीत ‘शिरोडकर’ हे आडनाव अजून क्रियापदासारखं वापरलं जातं: आज दोन शिरोडकर आहेत. त्यातला एक बहुतेक मॅक्डोनल्डच असतो.

बटव्याची नाडी म्हटलं तरी ओवायची जागा वाईट आहे. अरुंद, ओली, खोल, आणि दोन्ही बाजूंना इजा करायला काही ना काही आहे. साधारण बारा ते चौदा आठवड्यांत, म्हणजे पहिली मोठी सोनोग्राफी होऊन बाळाची घडण ठीक दिसल्यावर, हे काम ठरवून करतात. आधी घाई केली तर जे बाळ आपणहूनच जाणार होतं त्याला उगाच कोंडून ठेवल्यासारखं होतं. कमरेत खालचं अंग बधिर करणारं स्पायनलचं इंजेक्शन, पाय वर बांधलेले, टेबल डोक्याकडे थोडं उतरतं, जंतुनाशकाने धुणं. मागून सिम्सचं स्पेक्युलम, पुढून आणि बाजूने मांस बाजूला धरणारे रिट्रॅक्टर, आणि तोंडाचे पुढचे-मागचे ओठ स्पंज होल्डरमध्ये. दातांचा चिमटा इथे नको, मऊ मांस फाटतं आणि रक्ताने सगळं झाकलं जातं. योनीच्या घड्या असलेल्या त्वचेचा भाग संपून गुळगुळीत तोंड सुरू होतं ती रेघ शोधायची. तिथे किंवा जमेल तितक्या वर, पण लघवीची पिशवी चुकवून, पहिली सुई जाते. ह्या कामात दिशा घड्याळाने सांगतात. बारा वाजता म्हणजे पुढे, सहा वाजता मागे. साधारण चार-पाच घास घेत एक फेरी. तीनला आणि नऊला सुई घालायची नाही, कारण गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या उतरत्या फांद्या तिथून जातात आणि तिथलं रक्त लवकर थांबत नाही. घास किती खोल हे हाताला कळावं लागतं. वरवर घेतला तर आठवडाभरात कापत बाहेर येतो, आणि फार खोल गेला तर सुई नळीत शिरते, जिथे पाण्याची पिशवी बोटभर अंतरावर आहे. मागचा घास सगळ्यात दुर्लक्षित राहतो. तिथे दिसत नाही, हात वळत नाही, आणि म्हणून टाका निसटतो तो बहुतेक मागूनच. फेरी पूर्ण झाली की पुढे, बाराच्या ठिकाणी गाठ. आवळायचं किती? बोटाचं टोक शिरणार नाही इतकं, पण ओठ पांढरे पडणार नाहीत इतकं. फार आवळलं तर मांसाचा रक्तपुरवठा तुटतो आणि फीत लोण्यातून जावी तशी कापत जाते. गाठीवर आणखी चार गाठी, आणि टोकं दोन-तीन सेंटिमीटर लांब सोडायची. ही लांब टोकं म्हणजे सहा महिन्यांनी काढणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली चिठ्ठीच. टोकं आखूड कापणाऱ्यावर सदतिसाव्या आठवड्यात जो राग येतो तो इथे लिहिण्याजोगा नाही.

शिरोडकरांच्या मूळ रीतीत ह्याहून जास्त सोडवणं आहे. पुढे, योनी जिथे तोंडाला मिळते तिथे आडवा छेद घेऊन लघवीची पिशवी बोटाने वर सरकवायची, मागेही तसाच छोटा छेद, आणि फीत त्वचेखालून दोन्ही बाजूंनी ओवून आतल्या तोंडाच्या पातळीला बांधायची. वर त्वचा शिवून फीत झाकून टाकायची. टाका उंच बसतो हा फायदा. रक्त जास्त जातं, वेळ जास्त लागतो, काढायला पुन्हा भूल लागू शकते, हा तोटा. दोहोंत कोण सरस ह्यावर भांडण जुनं आहे, आणि आजवरचे पुरावे शिरोडकरांच्या बाजूने ठामपणे झुकलेले नाहीत. मुंबईच्या नावाचा अभिमान बाजूला ठेवून हे मान्य करावं लागतं.

धाग्याचंही तसंच. पाच मिलिमीटर रुंदीची विणलेली पॉलिएस्टर फीत रुतून बसते, पटकन कापत नाही, पण तिच्या विणीत जंतूंना घर मिळतं. एकपदरी नायलॉन किंवा प्रोलीनचा धागा गुळगुळीत आणि स्वच्छ राहतो, मात्र गाठ निसरडी आणि टोकं टोचणारी. विणलेल्या फितीमुळे बाळं जास्त जात असतील हा संशय पुरेसा सशक्त होता, म्हणून ब्रिटनमध्ये सुमारे दोन हजार बायकांवर रीतसर तुलना झाली आणि २०२२ साली तिचे आकडे आले. बाळ जाण्याचं प्रमाण एकपदरीत शेकडा ८, विणलेल्यात ७.६. म्हणजे फरक नाही. आईला होणारा जंतुसंसर्ग मात्र एकपदरीत कमी. त्यामुळे वाद मिटला असं नाही, दोन्ही बाजूंना एकेक मुद्दा मिळाला.

टेबलावरच्या त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर ह्याहून जुन्या आकड्यांत आहे. १९९३ साली छापल्या गेलेल्या मोठ्या चाचणीत १,२९२ बायका होत्या, सगळ्या अशा की ज्यांच्याबाबतीत डॉक्टरलाच खात्री नव्हती, टाका घालावा की नाही. चिठ्ठी काढावी तसं निम्म्यांना घातला, निम्म्यांना नाही. तेहेतिसाव्या आठवड्याच्या आत प्रसूती झाल्या त्या टाका असलेल्यांत शेकडा १३, नसलेल्यांत १७. फरक चारचा. म्हणजे पंचवीस जणींना टाका घाला, तर एकीची प्रसूती त्या टाक्यामुळे लांबते. उरलेल्या चोविसांपैकी बहुतेकींचं टाक्याविनाही झालं असतं आणि काहींचं टाका असूनही लवकर झालं. आणि ती एक कोण, हे कधीच कळत नाही. तिच्या फितीवर तशी खूण नसते. तीन किंवा जास्त वेळा अशी लवकर प्रसूती किंवा नुकसान झालेल्यांत मात्र फरक ठळक होता, १५ विरुद्ध ३२. म्हणून काही ठिकाणी तीन वेळा गेल्याशिवाय निव्वळ पूर्वइतिहासावर टाका घालत नाहीत, आणि काही ठिकाणी कळा न येता तोंड उघडून एकदा गेलं असलं तरी पुरतं. तीन वेळा जाऊ द्यायचं हा नियम आकड्यांच्या बाजूने बरोबर आहे. तो बाईसमोर बसून मोठ्याने वाचून दाखवायची वेळ मात्र कुणावर येऊ नये.

मधला मार्ग म्हणजे आधी लवकर झालेलं आहे अशीला मोजत राहायचं, आणि पंचविसाच्या खाली गेलं तरच, चोवीस आठवड्यांच्या आत, टाका घालायचा. त्यामुळे कितीतरी जणी त्यातून वाचतात, कारण त्यांचं तोंड मुळी आखूड होतच नाही. पूर्वीचं काही नाही आणि अचानक आखूड दिसलं, तर टाक्यापेक्षा रोज रात्री खालून प्रोजेस्टेरॉन ह्या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाची २०० मिलिग्रॅमची गोळी हा पहिला उपाय. जुळी असताना नुसत्या आखूड मापावरून टाका घालायला गेलं तर फायदा दिसला नाही, जुन्या आकड्यांत तर उलट लवकर प्रसूती वाढलेली दिसली. जुळ्यांत तोंड प्रत्यक्ष उघडलेलं असेल तेव्हा मात्र गणित पुन्हा फिरतं आणि टाका उपयोगी पडतो. ‘जास्त भार, म्हणून जास्त गरज’ हे सरळ वाटणारं तर्कशास्त्र इथे कामाला येत नाही.

उघडलेल्या तोंडाला घातलेला टाका ही वेगळीच रात्र असते. पाण्याची पिशवी वाळूच्या घड्याळासारखी खाली लोंबलेली, पातळ, निळसर, चकाकणारी. आतलं पाणी हललेलं दिसतं, आणि सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. आधी बारा ते चोवीस तास थांबून पाहतात: कळा आहेत का, ताप, नाडी, पोटावर दाबलं की दुखणं, स्रावाला वास. कळा चालू असतील, रक्त जात असेल, पाणी फुटलं असेल किंवा आत जंतू पोचले असतील तर टाका घालायचा नाही. जंतू असताना बांधलेली पिशवी म्हणजे बंद केलेला गळू, आणि मग आईच्या जिवावर बेततं. शंका असेल तर सुईने गर्भजल काढून त्यातली साखर बघतात, ती डेसिलिटरला १४ मिलिग्रॅमच्या खाली असली की जंतूंनी खाल्ली असं धरायचं. सगळं ठीक असेल तर टेबल डोक्याकडे चांगलंच उतरवायचं, कॅथेटरच्या नळीतून सलाईन सोडून लघवीची पिशवी भरायची, की वरून ओढ बसून पडदा थोडा मागे सरतो. उरलेला ओल्या गॉजच्या बोळ्याने किंवा फोलेच्या कॅथेटरच्या टोकाचा फुगा ३० मिलिलिटर फुगवून आत लोटायचा, ओठ ओढून एकमेकांवर आणायचे, घास घ्यायचे आणि गाठ आवळताना फुगा सोडून काढून घ्यायचा. सुईचं टोक पडद्याला लागलं तर एक चुळूक ऐकू येते, कोमट पाणी हातावर येतं, आणि तिथेच सगळं संपतं. त्या वेळी कुणी काही बोलत नाही. इंडोमेथासिन हे कळा आणि सूज कमी करणारं औषध आणि एक प्रतिजैविक सोबत दिलं तर निदान २८ दिवस आणखी निघतात का, हे २०१४ सालच्या एका लहान चाचणीत पाहिलं. औषधं दिलेल्यांत शेकडा ९२ जणींनी ती मजल गाठली, न दिलेल्यांत ६२. पण प्रसूती सरासरीने कुठल्या आठवड्यात झाली ह्यात ठळक फरक निघाला नाही. बाविसाव्या आठवड्यात घातलेल्या टाक्याने मिळालेले चार आठवडे आणि बाराव्यात घातलेल्याने मिळालेले चार आठवडे ह्यांचं वजन सारखं नसतं, हेही खरं.

खालून घातलेला टाका असूनही बाळ गेलं, तर पुढच्या खेपेला पोटातून. बेन्सन आणि डर्फी ह्यांनी १९६५ साली मांडलेली ही रीत: गर्भाशय आणि तोंड ह्यांच्या सांध्यावर, रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूने, फीत बांधायची. उघडं पोट किंवा दुर्बीण, शक्यतो दिवस राहण्याआधीच. २०२० सालच्या चाचणीत खालचा टाका फसलेल्या बायकांतच तुलना झाली: बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती पोटातून घातलेल्यांत शेकडा ८, खालून घातलेल्यांत टाका नेहमीच्या जागी असता ३३ आणि उंच असता ३८. एवढा मोठा फरक ह्या विषयात क्वचितच दिसतो. किंमत मोठी आहे. प्रसूती सिझेरियननेच, आणि बाळ जरा वाढल्यावर मध्येच पोटात गेलं तर तेही खालून सहसा सुटं करता येत नाही, फीत कापावी लागते किंवा पिशवी उघडावी लागते. पण ती फीत पुढच्या खेपेसाठी तशीच राहू शकते, आणि काही बायका तिच्याबद्दल दागिन्यासारखं बोलतात.

टाका घातल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं रक्त, ओटीपोटात थोडं दुखणं, स्पायनलनंतर लघवी अडणं. मग घरी. आणि घरी गेल्यावर सुरू होतं ते झोपवून ठेवणं. पायाखाली उशा, पलंगाच्या पायांखाली विटा, बाथरूमपुरतं उठायचं. इतक्या पिढ्यांनी इतक्या निष्ठेने केलेल्या ह्या गोष्टीचा उपयोग दाखवणारा पुरावा नाही. उलट सलग आडवं राहण्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू आणि हाडं झिजतात आणि मन तर आधी. तरी ‘हिंडा-फिरा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरपेक्षा ‘झोपून राहा’ म्हणणारा जास्त काळजीवाहू वाटतो. झोपून राहिल्याने निदान काहीतरी केल्यासारखं होतं. प्रत्येक वेळी लघवीला गेल्यावर कपड्याकडे टाकलेली नजर, रात्री पोट जरा ताठ झालं की श्वास धरून मोजलेले सेकंद, आणि चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस असे आठवड्यांचे टप्पे. अठ्ठाविसाव्यानंतर चेहरा बदलतो. बत्तिसाव्यानंतर कुणीतरी पहिल्यांदा विनोद करतं.

घरी पाठवताना खरं सांगायला हवं ते वेगळंच आहे. नियमित कळा, पाणी जाणं, रक्त किंवा ताप, ह्यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. कळा जोरात आणि टाका जागेवर, अशा वेळी गर्भाशय बाळाला ढकलत असतं आणि फीत सोडत नसते. मग मांसच फाटतं, कधी बाजूने बादलीच्या कडीसारखं सुटून येतं, आणि त्या फाटण्याने पुढच्या गरोदरपणाचं तोंडही जातं. जी फीत पाच महिने राखणदार होती, ती त्या रात्री कात्री शोधत शोधत काढायची गोष्ट असते. म्हणून टाका आहे हे फाइलच्या पहिल्या पानावर, ठळक, आणि घरातल्या दोघा-तिघांना तोंडपाठ असलेलं बरं.

सगळं सुरळीत गेलं तर छत्तीस-सदतीस आठवड्यांना फीत काढायची. बायकांना वाटतं, बूच काढल्यासारखं बाळ लगेच बाहेर. काही जणी तयारीची बॅग घेऊनच टेबलावर चढतात. तसं होत नाही. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत साधारण दहांतली एक बाळंत होते, आणि सरासरीने मध्ये दोन आठवडे जातात. तारीख उलटून शेवटी कळा आणायची औषधं द्यावी लागलेल्याही भेटतात, तेव्हा हसावं की काय करावं कळत नाही. ज्या तोंडाला कागदावर नालायक लिहिलं होतं, तेच आता उघडायला तयार नसतं. ह्यातलं काही टाक्यामुळे पडलेल्या कठीण व्रणाने होतं. आणि काही, बहुतेक, त्या तोंडात मुळात काही बिघाडच नव्हता म्हणून. मागच्या खेपेला दुसऱ्याच कशाने गेलं असेल, जंतूंनी, किंवा वारेमागच्या रक्तस्रावाने, आणि आळ मात्र ह्याच्यावर आला.

तर तो प्रश्न. ‘ह्याच्यामुळेच राहिलं ना?’ पंचविसांतली एक तू असशील, असं म्हणता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण त्या टेबलावर, पाय अजून वरच असताना, तिने विचारलं होतं ते आकड्यांबद्दल नसावं. मागच्या वेळी राहिलं नाही ते माझ्यामुळे नव्हे, एवढंच तिला फितीकडून वदवून घ्यायचं असावं. फितीने राखलं असेल तर दोष तोंडाचा, आणि तोंडाचा म्हणजे तिचा नव्हे. तिघांचा ‘हो’ कदाचित त्यालाच होता. फीत घातली नसती तरी तो तिचा नव्हताच, हे सांगायला मात्र कुणी थांबलं नाही.

तिचं बघून झाल्यावर सिस्टरने फीत चिमट्याने उचलून सरळ केली. गाठ, दोन लांब टोकं, एक कापलेला पदर आणि बाकीचा वेढा अखंड आहे का ते बघायचं असतं, आत तुकडा राहिलेला चालत नाही. अखंड होता. तिने फाइलवर वेळ घातली, ‘टाका पूर्ण काढला’ असं लिहिलं, आणि बाईला विचारलं की रक्त जरा दिसेल, पॅड आणलंय का.